नाही आणि नव्हे

"मॅडम, तुम्हाला तेलुगू येतं ना?" असा फोन आला की हल्ली मी उलट विचारते, "कुठलं तेलुगू?" पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. त्याच्या लेखी तेलुगू म्हणजे तेलुगू. मुलगी सापडली आहे, मराठी येत नाही, हिंदी येत नाही, कुणीतरी म्हणालं की तेलुगू बोलते, तुमचं नाव यादीत आहे, तासाभरात याल का? पाच वर्षांपूर्वी मीही हा प्रश्न विचारला नसता. रिक्षा पकडून थेट गेले असते. तशी गेलेही होते.

आमच्या घरी तेलुगूच बोलतात. सोलापुरात अशी हजारो घरं आहेत. पणजोबांच्या पिढीत तेलंगणातून हातमागावर काम करायला आलेली आणि इथलीच झालेली. चौथीपर्यंत मी तेलुगू माध्यमाच्या शाळेत होते, पाचवीपासून मराठी. आता एका पतसंस्थेत लेखनिक आहे आणि दिवसभर मराठीत हिशेब लिहिते. आईशी फोनवर तेलुगू, नवऱ्याशी दोन्हींची खिचडी. ही काही विद्या आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं, "आमच्याकडे दुभाष्यांची यादी करायची आहे, तुझं नाव टाकते," असं म्हटलं, तेव्हा मी हसले होते.

यादीची भानगड अशी आहे. लैंगिक अपराधांपासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा. मुलाला समजत नसलेल्या भाषेत नोंद होत असेल तर त्याला दुभाषी दिलाच पाहिजे, असं त्यात आहे. 2020 च्या नियमांनी पुढे सांगितलं की प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षानं दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवावी. पात्रता काय, तर मुलाची भाषा आणि राज्याची भाषा, दोन्ही कामापुरत्या येत असाव्यात. ती मातृभाषा असो, किमान प्राथमिक शाळेपर्यंतचं माध्यम असो, नाहीतर व्यवसायामुळे किंवा त्या भागात राहिल्यामुळे आलेली असो. म्हणजे मी चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेले एवढ्यानं कायद्याच्या दृष्टीनं लायक ठरले. शाळा सोडल्याचा दाखला शोधायला मात्र दोन रविवार गेले. पोलीस पडताळणी झाली, गोपनीयतेच्या हमीवर सही झाली. प्रशिक्षणाचं विचारलं तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तेलुगू येतं ना? मग झालं की."

नोंदवही पॉक्सोसाठीची असली तरी मला बोलावणी जास्त आली ती बाल कल्याण समितीकडून. घर सोडून आलेली, हरवलेली, कामावरून पळालेली मुलं या समितीपुढे येतात. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला तिथं हजर करावं लागतं. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. अधिकार दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे, पण जागा कोर्टासारखी नसते, नसावी असंच अपेक्षित आहे. एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. पुढचं सगळं या टेबलावर ठरतं: मूल आज रात्री कुठं झोपणार, घरी परत जाणार की नाही, गेलं तर कुणाच्या हाती.

पहिल्या बैठकीत मी जितक्या चुका करता येतात तितक्या केल्या. अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं बसले. समोरच्या मुलानं मला साहजिकच 'त्यांच्यातली' धरलं. तो दोन-दोन मिनिटं बोलायचा आणि मी मराठीत एक वाक्य सांगायचे, "तो म्हणतो की त्याला घरी जायचं नाही." मधली कारणं, अडखळणं, कुणाची तरी नावं, सगळं माझ्या डोक्यात गाळून जायचं. वर मी त्याला परस्पर धीर देत होते, "घाबरू नकोस, सगळं नीट होईल." समितीला वाटत होतं की प्रश्न विचारणं चाललंय. आणि नीट होईल हे मला कुणी सांगितलं होतं?

बैठक संपल्यावर व्हरांड्यात एका वयस्कर वकीलबाईंनी मला थांबवलं. त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं नाही. "तुम्ही सारांश देत होता. सारांश काढायचा की नाही, ते समितीनं ठरवायचं. पोरगा 'मी' म्हणाला की तुम्ही 'मी' म्हणायचं. तो रडत थांबला तर तुम्हीही थांबायचं. आणि तुम्हाला काही विचारायचं असेल तर आधी समितीची परवानगी." नियमांतही तेच आहे, हे नंतर वाचलं. काही न घालता, काही न गाळता, पूर्ण आणि अचूक. शिवाय निःपक्षपाती राहायचं, आणि प्रकरणातल्या कुणाशी नातं किंवा हितसंबंध असेल, नुसता तसा भास होण्यासारखा असेल, तरी आधी सांगायचं. वकिलावर अशिलाची गुपितं न फोडण्याचं जे बंधन असतं, ते 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 127 नं दुभाष्यालाही लावलं होतं. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण बंधन सुटलेलं नाही. म्हणून इथं पुढं जे सांगते आहे त्यात वय, गाव, हंगाम सगळं इकडचं तिकडे केलं आहे. शब्द तेवढे खरे आहेत.

'मी' म्हणण्याचा सुरुवातीला फार घोळ झाला. "मी रात्री गाडीत चढले," असं मी म्हटल्यावर एक सदस्य दचकून माझ्याकडे बघायचे. एकदा तर कारकुनानं रीतसर लिहून ठेवलं होतं की 'दुभाषी मॅडम यांना कामावर मारहाण होत असे'. तेव्हापासून बैठक सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं मागून घेते आणि सगळ्यांना सांगते, मुलालासुद्धा: मी इथं दोघांच्या मधे आहे. तू बोलशील ते सगळं मी यांना सांगणार, हे बोलतील ते सगळं तुला. मला एकटीला काही सांगू नकोस, मी ते पोटात ठेवू शकत नाही. शेवटचं वाक्य ऐकून काही मुलं गप्प होतात. होऊ देत. नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटण्यापेक्षा ते बरं. खुर्चीही बदलली. आता टेबलाच्या आखूड बाजूला बसते, मुलाला माझा चेहरा दिसेल आणि समितीलाही, पण मी कुणाच्याच रांगेत नसेन अशी.

आता त्या मुलीबद्दल.

नऊ-दहा वर्षांची असेल. रेल्वे स्टेशनवर सापडली. पहिल्या रात्री तिच्याशी बोलायला कुणीच नव्हतं म्हणून स्टेशनवरच्या एका हमालाला बोलावलं होतं, त्याला थोडंफार तेलुगू यायचं. भला माणूस, झोपायचं सोडून दोन तास बसला. त्याच्या सांगण्यावरून जो कागद झाला त्यात होतं, 'मावशीने रेल्वेत बसवून दिले.' सकाळी मी पोचले तोवर आईच्या माहेरची चौकशी करायची, मावशीचं नाव-गाव काढायचं, असं ठरून गेलं होतं.

मुलीनं माझ्यासमोर पुन्हा तेच सांगितलं. शब्द होता 'पिन्नी'. इथं माझ्या मानेवर काटा आला, कारण हा शब्द आमच्या घरातला आहे आणि तो मराठीत एका शब्दात मावत नाही. आईची धाकटी बहीण ती पिन्नी. वडिलांच्या धाकट्या भावाची बायको तीही पिन्नी. वडिलांनी दुसरं लग्न केलं तर त्या सावत्र आईलाही पोरं पिन्नीच म्हणतात. मराठीत एक मावशी, एक काकू, एक सावत्र आई. एक आजोळची, एक भावकीतली, एक घरातलीच. मुलीला कुणाच्या ताब्यात द्यायचं, कुणाला जाब विचारायचा, सगळं यावर ठरणार. मी समितीला म्हटलं, "शब्दाचे तीन अर्थ होतात. कुठला ते मला सांगता येणार नाही. तिला विचारायची परवानगी द्या." अध्यक्ष मॅडमनी मान डोलावली. मी विचारलं, ही पिन्नी कुणाची कोण? मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की एवढंही कळत नाही का. "मा बाबाईची," म्हणाली. बाबाई म्हणजे धाकटा चुलता. तिनं नकळत मराठी प्रत्यय लावला होता, दोन-तीन महिने इथं काढल्याची खूण. कागदावरची मावशी खोडून चुलती झाली आणि शोधाची दिशाच फिरली.

एवढं जमलं म्हणून मी मनात खूश होते. बहुधा त्यामुळेच पुढची चूक झाली.

एका सदस्यांनी विचारलं, "चुलती मारायची का?" मी तेलुगूत विचारलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "कादु." मी म्हटलं, "नाही." सदस्यांनी लिहिलं, 'मारहाण नाही', आणि पुढचा प्रश्न आला, शाळेबद्दल. तो प्रश्न मी तेलुगूत उलटवत असतानाच आधीचा शब्द मनात खडखडला.

तेलुगूत नकाराचे शब्द निरनिराळे आहेत. 'लेदु' म्हणजे नाही, झालं नाही, नाहीये. 'वद्दु' म्हणजे नको. आणि 'कादु' म्हणजे तसं नव्हे, तो नव्हे, हे ते नव्हे. चुलतीनं मारलं नाही असं सांगायचं असतं तर मुलगी 'लेदु' म्हणाली असती. ती 'कादु' म्हणाली. म्हणजे मारलं, पण मारणारी ती नव्हे. मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे, 'नव्हे'. पण आपण तो बोलण्यातून जवळजवळ हद्दपार केलाय, सगळं काम एका 'नाही'वर भागवतो, आणि माझ्याही तोंडात तोच आला.

प्रश्न अर्धवट सोडून मी म्हटलं, "मॅडम, दुरुस्ती. मघाशी मी 'नाही' सांगितलं ते चुकीचं होतं. तिचा शब्द 'नव्हे' असा आहे." खोलीत शांतता. स्वतःची चूक भरल्या टेबलावर सांगणं सोपं नसतं, कानशिलं तापली होती. एक सदस्य जरा वैतागून म्हणाले, "फरक काय पडतो?" मला फरक सांगायचा मोह झाला, भाषणच ठोकलं असतं. पण अर्थ लावणं माझं काम नाही. एवढंच म्हटलं, "पहिल्याचा अर्थ मारलं नाही असा होतो. दुसऱ्याचा, मारणारी चुलती नव्हे, असा होऊ शकतो." अध्यक्षांनी तो कागद पुढं ओढला, नोंद खोडली, बाजूला सही केली आणि मुलीला विचारलं, "मग कोण?"

"मेस्त्री."

इथं दुसरा खड्डा. मराठीत मिस्त्री म्हटलं की गवंडी, सुतार, नाहीतर गाडी दुरुस्त करणारा डोळ्यापुढं येतो. कारकुनानं 'मिस्त्री' लिहायला घेतलंही होतं. पण तेलंगणातून टोळ्यांनी कामाला जाणारी माणसं ज्याला मेस्त्री म्हणतात तो माणसं गोळा करतो, आगाऊ पैसे देतो, कामावर नेतो आणि तिथं राबवून घेतो. आपल्याकडे ऊसतोडीत त्याला मुकादम म्हणतात आणि त्या पैशांना उचल. मी पुन्हा परवानगी मागितली. मेस्त्री काय काम करतो? मुलीनं सांगितलं, तो काही करत नाही, सगळ्यांना करायला लावतो. पैसे त्यानं बाबाईला दिलेत, ते फिटेपर्यंत जायचं नाही म्हणाला. तू काय करायचीस? विटा उलट्या करायचे. म्हणजे वाळत घातलेल्या कच्च्या विटा दुसऱ्या अंगावर पालथ्या घालणं. भट्टीवर ते काम लहान मुलांकडेच देतात, वजन कमी म्हणून वीट तुटत नाही.

दहा मिनिटांपूर्वी हे प्रकरण 'मावशीनं रेल्वेत बसवलेली, मारहाण नसलेली मुलगी' असं होतं. आता टेबलावर दोन वेगळे कायदे येऊन बसले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्याबद्दलचा 1986 चा, आणि उचलीपायी माणूस अडकवून ठेवण्याबद्दलचा 1976 चा वेठबिगारीविरोधी. कामगार खात्याला आणि पोलिसांना पत्रं गेली. चुलतीनं मुलीला गाडीत बसवून दिलं होतं ते टाकून द्यायला नव्हे, पळवून लावायला, हेही मग हळूहळू बाहेर आलं. तो भाग मी इथं सांगत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा एक वही केली. त्यात प्रकरणातलं काहीही नाही, बैठकीतल्या टिपणाचे कागद तर तिथंच फाडून देते. वहीत फक्त शब्द आहेत. ज्यांना मराठीत जोडीदार नाही, किंवा जोडीदार आहे पण तो दगा देतो, असे.

त्या वहीतला एक शब्द तेलुगूतला नाहीच. 'हॉस्टेल'. बालगृह मुलांना कसं समजावायचं हा रोजचा प्रश्न. शब्दाला शब्द ठेवला तर 'मुलांचं घर' होतं, आणि मूल म्हणतं, मला माझ्या घरी जायचंय. मी सोपा मार्ग काढला होता. तेलंगणात सरकारी हॉस्टेलं गावोगावच्या मुलांना माहीत असतात, म्हणून मी सांगायचे, "हॉस्टेलसारखं आहे." मुलं पटकन मानायची, समिती खूश, मी खूश. या मुलीनंही मानलं. पंधरा दिवसांनी पुढच्या तारखेला गेले तर तिनं पहिला प्रश्न केला, "सेलवुलु एप्पुडु?" सुट्ट्या कधी?

हॉस्टेल म्हटलं की सुट्ट्या आल्या, सुट्टीत बाप न्यायला येतो. ती पंधरा दिवस दाराकडे बघत बसली होती, असं अधीक्षिकांनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं पळून जायचा विचार आहे, म्हणून दारावरची बाई जास्त लक्ष ठेवायला लागली होती. मी तो प्रश्न समितीला जसाच्या तसा सांगितला आणि तो का आला, त्यात माझा हात काय, हेही सांगितलं. आता मी सोपा शब्द देत नाही. चार वाक्यं घेते: तिथं मुली राहतात, दार बंद असतं, शाळा-डॉक्टर आहे, घरी कधी जायचं ते या बाई चौकशी करून ठरवतील, आणि कायद्यानं ही चौकशी पहिल्या दिवसापासून चार महिन्यांत संपवून निर्णय द्यायचा असतो. हे सगळं अध्यक्षांच्या तोंडून येऊ देते, मी नुसतं तेलुगूत करते. लांबतं. पण मूल प्रश्न विचारतं, आणि ते बरोबर माणसाला विचारतं.

सुरुवातीला म्हटलं ना, 'कुठलं तेलुगू' असं विचारते. त्याचं कारण एक मुलगा. कागदावर भाषा तेलुगू. तेलंगण आणि छत्तीसगडच्या सीमेकडचा. मी जे विचारीन त्याला तो "आ" म्हणायचा. जेवलास का? आ. कुणी मारलं का? आ. शाळेत जातोस का? आ. समितीचे सदस्य भराभर लिहीत होते, इतका सहकार्य करणारा मुलगा त्यांना बरेच दिवसांत मिळाला नसावा. मला शंका आली. परवानगी घेऊन विचारलं, तुझं नाव काय? "आ." मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, ही माझी भाषा नाही, आत्तापर्यंतचं सगळं रद्द धरा.

त्याची भाषा कोया निघाली, गोंडीच्या घरातली. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ 30 लाख आहेत, भिली बोलणारे एक कोटीच्या वर, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत दोघींनाही जागा नाही. त्यामुळे कचेरीतल्या कुठल्याही छापील फॉर्मवर भाषेच्या रकान्यात त्या सुचतच नाहीत. जवळपासची 'मोठी' भाषा लिहून मोकळे होतात. दुपारभर फोनाफोनी करून गडचिरोलीकडचे एक आश्रमशाळेतले शिक्षक मिळाले, ते व्हिडिओवर गोंडीत बोलले. पोरगा पहिल्यांदा मान वर करून बोलला, अडखळत का होईना. दोघांचं दर तिसऱ्या वाक्याला अडत होतं, पण ते अडत होतं हे दिसत तरी होतं. गरज पडली तर एकाहून जास्त दुभाषी घ्यायची मुभा नियमांत आहे. ती बहुतेकांना माहीत नसते. त्या दिवशी माझं काम एकच झालं, मला येत नाही हे सांगण्याचं. त्याचं बिल लावावं की नाही यावर कार्यालयात चर्चा झाली म्हणे.

बिलाचं आता काढलंच आहे तर सांगून टाकते. मानधन बाल न्याय निधीतून किंवा कक्षाकडच्या इतर पैशांतून द्यायचं, आणि ते कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं, असं नियम सांगतात. मला पहिलं मानधन अकरा महिन्यांनी मिळालं. फॉर्म लेखी अनुवादाचा होता, त्यात 'पृष्ठसंख्या' असा रकाना. मी रिकामा सोडला तर बिल परत आलं. 'शून्य' लिहिलं तर पुन्हा परत, कारण शून्य पानांचे पैसे कसे द्यायचे. शेवटी लेखापालानंच युक्ती सांगितली, "बैठकीला एक पान धरा." त्या हिशेबानं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक आणि तिची दुरुस्ती मिळून एक पान भरतं. पतसंस्थेत मात्र अर्ध्या दिवसाच्या रजा कापल्या जातात, तिथं असला घोळ होत नाही.

मोठ्या माणसांसाठी काम करायची वेळ कमी येते, पण ती जास्त जड जाते. अत्याचार सोसलेल्या बायकांना एका जागी मदत देणाऱ्या एका सखी केंद्रात एक बाई आली होती, सोबत नवरा, आणि तोच तिचा दुभाषी. केंद्रातल्या समुपदेशक मुलीला काहीतरी खटकलं म्हणून तिनं मला बोलावलं. मी गेल्यावर नवरा म्हणाला, "कशाला त्रास, मी सांगतो की." समुपदेशकानं त्याला शांतपणे बाहेर बसवलं. दार लागलं. बाईनं मला आधी एकच विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" आमच्याकडे हा प्रश्न आडनाव, गाव, जात, नातेवाईक सगळ्याला धरून असतो. भाषा एक असली की माणसाला आधार वाटतो, तशी भीतीही वाटते, कारण एक भाषा म्हणजे एक भावकी, आणि गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. मी तो प्रश्न मराठीत सांगितला, उत्तर समुपदेशकानं दिलं, मी ते तेलुगूत केलं: या तुमच्या कुणाच्या नाहीत, इथलं बाहेर बोलल्या तर त्यांच्यावर कारवाई होईल. मग ती बोलली. नंतर भर बाजारात ती मला दोनदा दिसली. मी ओळख दाखवली नाही. तिनंही नाही.

मुलीची शेवटची तारीख चौथ्या महिन्यात लागली. तिच्या जिल्ह्यातल्या समितीशी बोलणं झालं होतं, घरची पाहणी होऊन अहवाल आला होता, आजी सांभाळायला तयार होती. तिकडच्या बाल संरक्षण कक्षाची माणसं न्यायला आली होती, सोबत एक महिला पोलीस, साध्या कपड्यांत. अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मनं पोदाम."

तेलुगूत 'आम्ही'ला मेमु आणि 'आपण'ला मनं. मराठीतही तो भेद आहे, हिंदीत नाही. हिंदीतून आलं असतं तर 'हम जाएँगे' झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. मराठीत तो लपवायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "आपण जाऊ या."

"आपण म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. मी तेही तेलुगूत केलं. मुलीनं बोट दाखवलं, आधी स्वतःकडे, मग माझ्याकडे. चार महिने मी मधेच बसले होते, कुणाच्या रांगेत नसलेल्या खुर्चीवर, आणि ती खुर्ची तिनं हिशेबात धरलीच नव्हती. मी नोंदीसाठी सांगितलं, "ती मला सोबत चल म्हणते आहे." आवाज नीट राहिला असावा. अध्यक्ष म्हणाल्या, तिला सांगा, या मॅडम येऊ शकत नाहीत, त्यांचं काम इथं आहे. माझ्याविषयी, माझ्याच तोंडून, 'या मॅडम' म्हणून मी ते सांगितलं.

गाडी आवारातच उभी होती. मी बाहेर पडायच्या नोंदवहीत वेळ लिहीत होते तेव्हा ती महिला पोलीस मुलीशेजारी पायरीवर बसली आणि तिला तिच्याच बोलीत काहीतरी विचारलं, माझ्यापेक्षा कितीतरी मोकळं, मराठीचा वासही नसलेलं तेलुगू. मुलीनं चमकून पाहिलं आणि बोलायला लागली. चार महिन्यांत मी ऐकलं नव्हतं इतकं भरभर, हातवारे करत, मधेच हसत. मी सही केली, पेन दोरीला परत लटकवलं. ती काय सांगत होती ते सगळं मला कळत होतं, आणि ते कुणालाही सांगायचं नव्हतं.